चाकांवरचं घर, पण थांबायचं कुठे?

आज आम्ही तुम्हाला इंग्लंडमधल्या एका भांडणाबद्दल सांगणार आहोत. तिथल्या गावांमध्ये गेली पन्नास-साठ वर्षं हे भांडण चालू आहे, आणि अजून मिटलेलं नाही. भांडण जमिनीचं आहे. प्रश्न साधाच आहे: जे लोक पिढ्यान्‌पिढ्या फिरत जगले, त्यांनी आपली चाकांवरची घरं उभी करायची कुठे? आणि ती जागा कुणी ठरवायची?

ऐकताना तुम्हाला आपल्या गावाबाहेरच्या माळावरची पालं आठवतील. त्याबद्दल शेवटी बोलूच. आधी इंग्लंडचं समजून घेऊ.

हे लोक कोण?

इंग्लंडमध्ये फिरत्या लोकांचे मुख्यतः दोन समाज आहेत. एक जिप्सी, म्हणजे रोमानी लोक. दुसरे आयरिश ट्रॅव्हलर, म्हणजे आयर्लंडमधले फिरस्ते. दोघांची मुळं वेगळी, भाषा वेगळ्या.

रोमानी लोक मूळचे आपल्या देशातले. सुमारे हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज उत्तर भारतातून पश्चिमेकडे निघाले आणि इराण, तुर्कस्तान करत करत युरोपात पोचले. हे कशावरून कळलं? तर त्यांच्या भाषेवरून. पाण्याला ते ‘पानी’ म्हणतात. कानाला ‘कान’, नाकाला ‘नाक’. सुरीला ‘चुरी’. मिठाला ‘लोन’, आपल्या लोणच्यातलं ‘लोण’ तेच बरं का! सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ते इंग्लंडमध्ये पोचले, तेव्हा लोकांना वाटलं, हे इजिप्तहून आलेत. ‘इजिप्शियन’चं झालं ‘जिप्सी’. १५३० साली राजानं कायदाच केला, की या लोकांनी देश सोडून जावं. म्हणजे ‘इथून चालते व्हा’ हे ऐकण्याची त्यांना पाचशे वर्षांची सवय आहे. युरोपात इतरत्र ‘जिप्सी’ ही शिवी समजतात. इंग्लंडमधले पुष्कळ रोमानी लोक मात्र स्वतःला अभिमानानं जिप्सी म्हणवतात.

आयरिश ट्रॅव्हलर हे आयर्लंडचेच. पत्र्याची भांडी करायची, फुटकी भांडी सांधायची, घोड्यांचा व्यापार करायचा, हे त्यांचे जुने धंदे. ब्रिटनमधल्या कोर्टांनी या दोन्ही समाजांना स्वतंत्र वंशाचे समाज म्हणून मान्यता दिली आहे. त्यामुळे त्यांच्याशी भेदभाव करणं हा तिथे कायद्यानं गुन्हा नसला, तरी बेकायदा आहे आणि त्यावर दाद मागता येते.

२०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये ७१,००० हून अधिक लोकांनी स्वतःची नोंद जिप्सी किंवा आयरिश ट्रॅव्हलर अशी केली. यातले सगळे गाड्यांत राहतात असं नाही. पाचातला साधारण एकच जण चाकांवरच्या घरात राहतो; बाकीचे विटांच्या घरांत. पण भांडण होतं ते या पाचव्या माणसाच्या जागेवरून.

तळ म्हणजे काय?

ज्या गाडीत ते राहतात तिला म्हणतात कॅराव्हॅन. पूर्वी ती घोडा ओढायचा, आता मोटारीला जोडतात. अशा गाड्या जिथे उभ्या राहतात त्या जागेला आपण ‘तळ’ म्हणू. तळावर प्रत्येक कुटुंबाला वेगळी जागा आखून दिलेली असते. खाली सिमेंटचा कोबा, एक मोठी गाडी राहायला, एक लहान गाडी प्रवासाला, आणि शेजारी एक छोटी पक्की खोली. त्या खोलीत पाणी, वीज, न्हाणीघर, संडास.

ही खोली वेगळी का? यात बायकांना कळेल अशी एक गोष्ट आहे. जुन्या वळणाच्या जिप्सी घरांत शिवता-शिवतीचे कडक नियम असतात. भांडी धुवायचं टोपलं वेगळं, कपड्यांचं वेगळं, अंघोळीचं वेगळं. राहत्या गाडीत संडास असणं त्यांना ओंगळ वाटतं. कौन्सिलच्या साहेबांना गाडी लहान आणि अस्वच्छ वाटायची, आणि जिप्सी बायकांना वाटायचं, स्वयंपाकघराच्या भिंतीला संडास लावणारे हे लोक कसले स्वच्छ!

तळ दोन प्रकारचे. काही कायमचे, वर्षभर राहण्यासाठी. काही तात्पुरते, म्हणजे प्रवासात काही आठवडे थांबण्यासाठी. दोन्ही कमी आहेत. त्यातही तात्पुरते तर फारच कमी.

भांडण कुठून सुरू झालं?

पूर्वी या लोकांना थांबायला जागा होत्या. गावाची गायरानं होती, रस्त्याकडेची रुंद पट्टी होती, आणि शेतकऱ्यांची शेतं होती. केंट भागात हॉपची फुलं तोडायला, सफरचंद उतरवायला, वाटाणा तोडायला त्यांची गरज लागायची. जसे आपल्याकडे ऊसतोडीला टोळ्या येतात आणि फडाच्या शेजारी कोप्या पडतात, तसंच. मग यंत्रं आली. तोडणी यंत्रानं होऊ लागली आणि शेतकऱ्याला माणसं नकोशी झाली.

१९६० साली कायदा आला. गाड्यांचा तळ चालवायचा तर परवाना लागेल असं ठरलं, आणि गायरानावर गाड्या उभ्या करायला बंदी घालण्याचा अधिकार स्थानिक कौन्सिलांना मिळाला. एकामागून एक गायरानं बंद झाली. माणसं रस्त्याच्या कडेला आली, तिथूनही हाकलली जाऊ लागली.

तेव्हा एरिक लबक नावाच्या खासदारानं पुढाकार घेतला आणि १९६८ चा कायदा झाला. त्यात स्पष्ट म्हटलं, की आपल्या भागात राहणाऱ्या आणि येणाऱ्या जिप्सींसाठी पुरेसे तळ बांधणं हे कौन्सिलांचं कर्तव्य आहे. त्यानुसार शेकडो तळ झाले. पण कुठे झाले? मोटाररस्त्याच्या पुलाखाली, रेल्वेलगत, कचरा डेपोच्या कडेला, सांडपाण्याच्या प्रकल्पाशेजारी. लंडनमध्ये एक तळ वेस्टवे नावाच्या उड्डाणरस्त्याच्या पोटाशीच आहे. जिथे कुणाची हरकत येणार नाही अशी जागा म्हणजे जिथे कुणाला राहायचंच नाही अशी जागा.

१९९४ साली सरकारनं हे कर्तव्यच काढून टाकलं. म्हणाले, कौन्सिलांनी बांधायची गरज नाही; फिरस्त्यांनी स्वतःची जमीन विकत घ्यावी, परवानगी काढावी आणि राहावं. ऐकायला रास्त वाटतं, नाही का? आजचं बहुतेक भांडण इथूनच निघालं.

परवानगीचा फेरा

आपल्याकडे शेतजमिनीवर घर बांधायचं तर परवानगी लागते. इंग्लंडमध्ये नियम याहून कडक आहेत. जमीन तुमची असली तरी तिचा वापर बदलायचा तर कौन्सिलची परवानगी हवी. शेतात राहती गाडी उभी करणं हाही वापरातला बदलच.

आता बघा कसं होतं. घरं बांधायच्या जमिनीचा भाव फिरस्त्यांना परवडत नाही. परवडतो तो गावाबाहेरचा एखादा शेताचा तुकडा. पण मोठ्या शहरांभोवती तिथे ‘ग्रीन बेल्ट’ म्हणजे हरित पट्टा राखलेला असतो. शहरं पसरत जाऊन एकमेकांना भिडू नयेत म्हणून तिथे बांधकामाला मनाई. म्हणजे जी जमीन परवडते तिथे परवानगी नाही, आणि जिथे परवानगी मिळेल ती जमीन परवडत नाही.

अर्ज केला की कौन्सिल नोटीस लावते. गावकरी हरकती पाठवतात. मग समिती बसते. नकार आला तर सरकारच्या नियोजन निरीक्षकाकडे अपील करता येतं. तिथे सुनावणी होते, आणि पुढे कोर्ट. यात वर्षं जातात. अनेकदा निरीक्षक तीन किंवा पाच वर्षांची तात्पुरती परवानगी देतो. मूल शाळेत रुळलं की मुदत संपते आणि पुन्हा अर्ज.

काही कुटुंबं थांबत नाहीत. ती जमीन घेतात आणि जोडून सुट्टी आली, कौन्सिलचं ऑफिस बंद असलं, की दोन-तीन दिवसांत मुरूम टाकून गाड्या उभ्या करतात. अर्ज नंतर करतात. गावाला सोमवारी जाग येते ती तळ बघूनच. मग राग भडकतो.

गावाचं म्हणणं, फिरस्त्यांचं म्हणणं

गावकऱ्यांचं सगळंच म्हणणं खोटं नाही. ते विचारतात, “आम्हाला गोठ्याशेजारी खोली काढायची तर दहा कागद लागतात, यांना वेगळा न्याय का?” अरुंद रस्त्यावर मोठ्या गाड्या येतात. सांडपाणी कुठे जाणार, हा प्रश्न खरा असतो. दोन वर्गांच्या शाळेत एकदम वीस मुलं आली तर शिक्षिका पुरणार कशी? आणि पूररेषेत तळ नको, हे तर फिरस्त्यांच्याच भल्याचं. पुरात गाडी वाहून जाते. सरकारचं धोरणही सांगतं, की तळ इतका मोठा नसावा की शेजारचं लहान गाव त्याच्यापुढे दबून जाईल.

पण हरकतींच्या गठ्ठ्यात दुसरंही असतं. ‘घरांच्या किमती पडतील’, ‘चोऱ्या वाढतील’, ‘ही माणसंच तसली’. तिथल्या नियमाप्रमाणे अशा हरकती धरता येत नाहीत. रस्ता, पाणी, पूर, शाळा, निसर्ग यावर बोला. कोण राहायला येतंय यावर बोलू नका, असं कौन्सिलला सांगावं लागतं. आणि तरीही सभागृहात वारं कुठल्या दिशेनं वाहतंय हे सगळ्यांना कळतं.

फिरस्त्यांचं म्हणणं काय? “कायद्यानं राहायची जागा दाखवा, आम्ही तिथे राहतो.” प्रत्येक कौन्सिलनं आपल्या भागात किती जागा लागतील हे मोजावं आणि पुढच्या पाच वर्षांना पुरतील एवढ्या जागा विकास आराखड्यात दाखवाव्यात, असं सरकारचं धोरण २०१२ पासून आहे. पण जो नगरसेवक ‘तळ आमच्या वॉर्डात होऊ द्या’ म्हणेल, तो पुढच्या निवडणुकीत पडायची भीती. म्हणून प्रत्येक कौन्सिल वाट बघते, शेजारच्या कौन्सिलनं करावं. आराखडा लांबतो, आणि माणसं रस्त्यावर.

“मग घरात का राहत नाहीत?” हा प्रश्न हमखास येतो. बरेचजण राहतातच. पण ज्यांचं बाळंतपणापासून म्हातारपणापर्यंतचं सगळं आयुष्य सासू, जावा, बहिणी यांच्या गाड्या शेजारी-शेजारी असण्यावर उभं आहे, त्यांना तिसऱ्या मजल्यावरच्या बंद खोलीत एकटं पडायला होतं. कोर्टांनीही मान्य केलंय, की पक्क्या घरात न राहवणं ही जिप्सींची नुसती लहर नव्हे.

आणि जागा नसल्याचा भार बायकांवर पडतो. पत्ता नाही म्हणून दवाखान्यात नाव घालून घेताना अडवतात. गरोदर बाईची तपासणी एका गावी होते, पुढच्या महिन्यात ती दुसऱ्याच गावी. मुलांची शाळा सुटते. पाणी पेट्रोल पंपावरून आणायचं, कपडे पैसे टाकून यंत्रावर धुवायचे. जनगणनेतही ‘आमची तब्येत वाईट आहे’ असं सांगणाऱ्यांचं प्रमाण या समाजात इतरांपेक्षा कितीतरी जास्त निघालं.

डेल फार्मची गोष्ट

सगळ्यात गाजलेलं भांडण एसेक्समधल्या बॅझिल्डन गावाजवळचं, डेल फार्मचं. तिथे आयरिश ट्रॅव्हलर कुटुंबांनी जमीन विकत घेतली होती. जमिनीचा अर्धा भाग परवानगीचा होता. शेजारच्या भागात पूर्वी भंगारचं आवार होतं, पण कागदावर ती जमीन हरित पट्ट्यात. तिथे परवानगी मिळाली नाही, तरी गाड्या वाढत गेल्या. दहा वर्षं अपिलं आणि कोर्ट चाललं. अखेर ऑक्टोबर २०११ मध्ये पोलीस बंदोबस्तात सुमारे ८० कुटुंबांना तिथून काढलं. कौन्सिल आणि पोलिसांचे मिळून लाखो पौंड खर्च झाले.

मग ती कुटुंबं गेली कुठे? कित्येकांनी त्याच जागेच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला गाड्या लावल्या. जागा रिकामी झाली, पण प्रश्न दोनशे पावलं पुढे सरकला इतकंच. कायदा कौन्सिलच्या बाजूनं होता, हे खरं. आणि त्या कुटुंबांचा जागेचा प्रश्न सुटला नाही, हेही खरं.

कोर्टात काय झालं?

एका जिप्सी बाईंनी १९८५ साली हर्टफर्डशरमध्ये जमीन घेतली आणि गाडी उभी केली. जमीन हरित पट्ट्यात, म्हणून परवानगी नाकारली, दंडही झाला. त्या लढत लढत थेट युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेल्या. २००१ साली निकाल लागला. १७ न्यायाधीशांपैकी १० त्यांच्या विरुद्ध, ७ बाजूनं. त्या हरल्या. पण निकालात एक गोष्ट लिहिली गेली: जिप्सींना त्यांच्या पद्धतीनं जगता यावं म्हणून सोय करणं, हे सरकारचं कर्तव्य आहे. त्या हरल्या खऱ्या, पण हे वाक्य पुढच्या अनेकांच्या कामी आलं.

दुसरं प्रकरण अलीकडचं. २०१५ साली सरकारनं व्याख्या बदलली. ज्यांनी फिरणं कायमचं सोडलं ते नियोजनाच्या कामापुरते ‘फिरस्ते’ नाहीत, असं ठरवलं. मग म्हातारपणामुळे, आजारपणामुळे ज्यांचं फिरणं थांबलं त्यांचं काय? ज्यांच्या घरात अपंग मुलं होती अशा एका जिप्सी बाईंनी याला आव्हान दिलं. २०२२ साली अपील कोर्टानं सांगितलं, ही व्याख्या म्हाताऱ्या आणि अपंग माणसांशी भेदभाव करते. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनं ती बदलली.

त्याच २०२२ साली उलट दिशेचा कायदाही आला. दुसऱ्याच्या जमिनीवर गाडी लावून राहिलं, त्यामुळे मोठं नुकसान किंवा त्रास होत असेल आणि सांगूनही हललं नाही, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड, आणि गाडी जप्त. गाडी म्हणजे त्यांचं घर, हे लक्षात घ्या. एकदा काढल्यावर तिथे परत यायची बंदी तीन महिन्यांवरून बारा महिने केली होती. २०२४ साली हायकोर्टानं ही वाढ भेदभावाची ठरवली. कारण थांबायला तात्पुरते तळच पुरेसे नसताना माणसानं जायचं कुठे?

जिथे काही जमलं

लीड्स शहरात कौन्सिलनं वेगळी वाट धरली. वर्षानुवर्षं एका जागेवरून काढायचं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, यात पैसा वाया जात होता. म्हणून त्यांनी फिरस्त्यांशी बोलून ठरवलं: या जागेवर इतके दिवस थांबा, कौन्सिल संडास आणि कचऱ्याचे डबे देईल, तुम्ही जागा स्वच्छ ठेवायची, शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही. दोन्ही बाजूंच्या अटी आधीच ठरलेल्या. यातून काढण्यावरचा खर्च वाचला.

वेल्समध्ये २०१४ च्या कायद्यानं जुनं कर्तव्य परत आणलं: गरज मोजा, आणि कमी पडत असेल तिथे तळ द्या. इंग्लंडमध्ये मात्र कर्तव्य अजून मोजण्याचं आहे, देण्याचं नाही.

आपल्याशी धागा

मैत्रिणींनो, हा धागा नुसता ‘पानी’ आणि ‘लोन’ या शब्दांचा नाही. १८७१ साली इंग्रज सरकारनंच आपल्याकडे गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अख्ख्या जातींवर जन्मतः गुन्हेगाराचा शिक्का मारला. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती त्यातून मोकळ्या झाल्या, म्हणून ‘विमुक्त’. कायदा गेला, संशय राहिला. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथे मुलं पळवणारे समजून भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. त्यांतले बहुतेक मंगळवेढ्याकडचे होते.

आपल्याकडेही पारधी, वैदू, नंदीवाले, मसणजोगी अशा कित्येकांना थांबायला जागा नाही. जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांचे आजी-आजोबा पालात जन्मले, त्यांनी तो आणायचा कुठून? या समाजांना जमीन आणि घर देण्यासाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. पण योजना कागदावरून जमिनीवर येते ती कुठल्या तरी गावात, कुणाच्या तरी शेजारी. आणि तिथे ग्रामसभेत कुणीतरी ‘आमच्या गावात नको’ म्हणतंच.

इंग्लंडच्या साठ वर्षांतून एवढं दिसतं: हाकललेली माणसं नाहीशी होत नाहीत, ती पुढच्या गावाच्या वेशीवर उभी राहतात. हाकलायचा खर्च दरवर्षी येतो, जागा द्यायचा एकदाच. आणि पाणी, रस्ता, शाळा यांच्या खऱ्या अडचणी बोलून सुटतात, पण त्यासाठी त्या माणसांना सभेत बसायला आधी बोलवावं लागतं.

गटाच्या बैठकीत बोलण्यासाठी

१. आपल्या गावाबाहेर दरवर्षी कोणती कुटुंबं येऊन थांबतात? किती दिवस? त्यांना पाणी कुठून मिळतं?

२. त्यांची मुलं तेवढे दिवस आपल्या शाळेत, अंगणवाडीत बसू शकतात का? कुणी विचारलंय का?

३. त्यांच्याबद्दल आपल्या ज्या तक्रारी आहेत, त्यातल्या पाण्या-रस्त्याच्या किती आणि जातीच्या संशयाच्या किती? दोन याद्या वेगळ्या करून बघा.

४. महिला ग्रामसभेत हा विषय मांडायचा झाला, तर आधी पालावरच्या बायकांशी बोलायला आपल्यातलं कोण जाईल?

बोला, भांडा, पण बोला. आणि काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.